दहाव्याच्या आत

पितृपक्ष चालू असतानाच आमच्या कॉम्प्युटरने आपली वेळ भरत आल्याचं सांगून टाकलं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज दहाला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, अशी पाटी पडद्यावर आली. अप्पांनी ती आधी चष्मा कपाळावर चढवून वाचली, मग चष्मा खाली ओढून वाचली.

"म्हणजे पंधरा तारखेला हा बंद?"

"नाही अप्पा, चालू राहील. पण चोरांनी नवीन युक्ती काढली तर आपल्याला नवीन कुलूप मिळणार नाही."

"म्हणजे निवृत्ती," अप्पा म्हणाले. "पेन्शन आहे का काही?"

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला चोवीस वर्षं झाली. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेत मराठी चाळीस शब्दांचा टप्पा त्यांनी पहिल्या फटक्यात पार केला होता, आणि त्या बोटांना अजूनही गंज चढलेला नाही. सोसायटीचा हिशोब, घरातले फोटो आणि आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पुरवणी हे सगळं या एका यंत्रात आहे. पुरवणीचा टाइप जुन्या वळणाचा. युनिकोड घरोघर पोचण्याआधीचं एक मराठी सॉफ्टवेअर आहे, ते चालायचं तर अंगठ्याएवढी एक वस्तू कॉम्प्युटरला मागून खोचावी लागते. डीटीपीवाले तिला 'लॉक' म्हणतात. अप्पा ते लॉक जानव्याच्या किल्लीसारखं जपतात. पुढच्या सगळ्या तयारीत हे लॉक कुठेही दिसणार नाही, आणि म्हणूनच घोटाळा होणार आहे.

मी स्वतः 'नंतर आठवण करा' या बटणाचा जुना भक्त. आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार, विम्याचा हप्ता आणि दाढदुखी या तिन्हींवर हे बटण असतं तर आयुष्य फार सुखाचं झालं असतं. शिवाय नव्या विंडोजबद्दल माझा अनुभव सावध राहण्याचाच. २०१२ मध्ये आठ आलं तेव्हा १९९५ पासून कोपऱ्यात बसलेलं स्टार्टचं बटणच गायब झालं होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की दुसऱ्या वर्षी आठ पूर्णांक एकमध्ये ते परत आलं. म्हणजे मागे फिरण्याची लाज बनवणाऱ्यांनाही नाही. मग नऊ आलंच नाही, एकदम दहा आलं. २०१५ मध्ये ते घेतल्यावर पडद्यावर एक वाक्य यायचं: तुमच्या सगळ्या फायली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत. पाहुण्याने मुक्काम संपवून निघताना स्वतःहून "तुमच्या कपाटाला मी हात लावलेला नाही" म्हणावं, तसं ते वाटायचं. ऐकणारा ताबडतोब कपाट उघडून बघतो.

पण घट बसले, दसरा झाला, आणि दर दोन दिवसांनी पाटी येतच राहिली. शेवटी १२ तारखेच्या रविवारी हिंजवडीहून भाच्याला बोलावलं. बायकोने त्याच रविवारी दिवाळीची साफसफाई काढली होती, त्यामुळे घरात एकाच वेळी दोन मोहिमा चालू होत्या. ती माळ्यावर, आम्ही कॉम्प्युटरवर.

भाच्याने आधी यंत्राची पात्रता तपासणारा प्रोग्रॅम चालवला. निकाल आला: अपात्र. २०१९ साली घेतलेलं, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं यंत्र, आणि अपात्र! कारण म्हणे टीपीएम दोन पूर्णांक शून्य नाही. टीपीएम म्हणजे यंत्राच्या पोटातली छोटी तिजोरी, गुप्त किल्ल्या ठेवायची. विंडोज अकराला ती लागतेच. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तिजोरी आहे रे. फक्त बंद करून ठेवलीये." त्याने यंत्र पुन्हा सुरू करून डिलीटची कळ टकटकटक दाबली, निळ्या-करड्या पडद्यावर कुठेतरी जाऊन एक 'बंद' होतं त्याचं 'चालू' केलं, आणि आमचं यंत्र पात्र झालं. सरकारी कचेरीत तीन खेपा घालाव्यात आणि चौथ्या खेपेला कळावं की कागद पहिल्यापासून आपल्याच पिशवीत होता, तसं झालं. २०२१ मध्ये अकरा आलं तेव्हा कित्येकांनी याच एका 'बंद'पायी नव्या यंत्राची चौकशी सुरू केली होती.

"आता बॅकअप घेतलायस का?" भाच्याने विचारलं.

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. मी छाती फुगवून सांगितलं, "कधीच! सगळंच्या सगळं डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची वळवली आणि कॅबिनेटवर बोटाने टकटक केलं. "मामा, या डब्यात डिस्क किती?"

"दोन. सी आणि डी."

"एक. एकाच डिस्कला मधे पडदा लावलाय. सी ड्राइव्ह जळाला तर डी पण जळणार. तू पाकीट पुढच्या खिशातून काढून मागच्या खिशात ठेवलंस, आणि आता पँट धुवायला टाकतोयस."

मागून अप्पांचा आवाज आला, "याने बारावीतसुद्धा हेच केलं होतं." बारावीत मी नेमकं काय केलं होतं ते मला आठवत नाही, पण अप्पांकडे त्याचाही बॅकअप असणार.

मग बाजारात जाऊन एक टेराबाइटची बाहेरची हार्डडिस्क आणली. ती लावल्यावर कॉम्प्युटरने तिची क्षमता ९३१ जीबी दाखवली. मी पावती शोधायला लागलो. भाच्याने समजावलं, की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा उतरलेला दिसतो, माल तेवढाच आहे. "माल तेवढाच आहे" हे वाक्य मी भाजीवाल्यांकडून ऐकलंय, त्यामुळे अजून माझा पुरता विश्वास बसलेला नाही.

डिस्कवर कॉपी सुरू झाली. खालच्या पट्टीवर आधी '२ तास शिल्लक' आलं, मग '११ मिनिटं', मग '१ दिवस', मग '४० सेकंद'. ही ४० सेकंदं पाऊण तास चालली. "निघालोय, पोचतोच" असं घरातल्या खुर्चीत बसून सांगणारा माणूस या पट्टीच्या मागे नोकरीला असावा.

तेवढ्या वेळात भाच्याने आम्हाला तीन-दोन-एकचा नियम शिकवला. कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीच्या प्रती तीन हव्यात, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर हव्यात, आणि एक तरी घराबाहेर हवी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला. मला मात्र आमच्या आजीची आठवण झाली. ती कैरीचं लोणचं घालायची ते तीन बरण्यांत. दोन चिनी मातीच्या, एक काचेची. एक बरणी स्वयंपाकघरात, एक माळ्यावर, आणि तिसरी आत्याकडे चिपळूणला. स्वयंपाकघरातल्या बरणीत कुणी ओला चमचा घातला, माळ्यावरच्या बरणीला बुरा आला, तरी आत्याकडे फडकं बांधून एक शाबूत असायची. शिवाय आजी दर पौर्णिमेला फडकं सोडून वास घ्यायची. मी हे सांगितल्यावर भाचा एकदम गंभीर झाला. "मामा, हे वास घेणंच कुणी करत नाही. बॅकअप सगळे घेतात, उघडून कोणी बघत नाही. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी फडकं सोडतात, आणि आत बुरा."

नुसत्या फायली कॉपी करून तो थांबला नाही. त्याला 'सिस्टिम इमेज' हवी होती. फायलींची कॉपी म्हणजे घरातलं सामान ट्रकमध्ये भरणं. इमेज म्हणजे घरच उचलणं, भिंतीवरच्या खिळ्यासकट, फ्रिजवर चिकटवलेल्या धोब्याच्या हिशोबासकट. पुन्हा उतरवलं की खिळा तिथेच. ही इमेज काढायची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये आहे, आणि तिच्या नावापुढे कंसात चक्क 'विंडोज सात' असं लिहिलेलं आहे. म्हणजे दहावरून अकराकडे जायचं, तर प्रवासाचं पाथेय साताच्या घरून बांधून घ्यायचं. सात २०२० च्या जानेवारीत निवृत्त झालं. पण घरातलं कार्य म्हातारीला विचारल्याशिवाय होत नाही, हे कंपनीतही कुणाला तरी माहीत दिसतं.

"आता एक पेनड्राइव्ह दे, सोळा जीबीचा. उद्या यंत्र सुरूच झालं नाही तर बाहेरून सुरू करायला लागेल."

मी ड्रॉवर उघडला. आत बंद पडलेली घड्याळं, मोबाइलचे जुने चार्जर, एक राखी आणि एक लाल पेनड्राइव्ह. मी तो दिला. पडद्यावर सूचना आली की या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. भाच्याने विचारलं, "काही आहे का याच्यावर?" मी म्हणालो, "छे! असंच पडलं होतं." 'पुढे' हे बटण मी स्वतःच्या हाताने दाबलं. ही नोंद इथे करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

अपग्रेड झालं. संध्याकाळचे साडेसात वाजले. टक्के चढत गेले, यंत्र आपसूक तीनदा बंद होऊन चालू झालं, आणि दर खेपेला अप्पा "गेलं" म्हणाले. शेवटी गोल कोपऱ्यांच्या खिडक्या घेऊन अकरा आलं. खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध, लग्नाच्या फोटोत कुटुंबाला दाटीवाटीने उभं करतात तशी. भाच्याने ती डावीकडे सरकवून दिली. पण अप्पांची पट्टी पहिल्यापासून पडद्याच्या वरच्या कडेला असायची, आणि अकरामध्ये ती वर नेता येत नव्हती.

"देव्हारा जमिनीवर ठेवतात का कोणी?" अप्पा म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते कॉम्प्युटरशी फक्त कामापुरतं बोलले.

निघताना भाच्याने एक गोष्ट बजावली. जुनी विंडोज कुठेही गेलेली नाही. ती 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. नवं पसंत पडलं नाही तर सेटिंगमध्ये जाऊन 'मागे जा' म्हणायचं, की जुनं परत. मात्र ही सवलत दहा दिवसच. दहा दिवस उलटले की विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकते.

"दहा दिवस!" अप्पा ताठ बसले. "म्हणजे दहाव्यापर्यंत आत्मा घरातच घुटमळतो."

"हो आजोबा, साधारण तसंच."

"मग तेरा तरी द्यायचे होते."

आता माझ्या पापाकडे येतो. बुधवारी बायकोने माळा रिकामा केला. तिथून निघालेल्या वस्तू दिवाणखान्यात मांडल्या होत्या: दोन टाइपरायटर, एका दुसऱ्याच्या झाकणाचा स्टोव्ह, माझ्या लग्नातल्या आहेराचा न उघडलेला लेमन सेट. ती म्हणाली, "तुमच्या त्या कॉम्प्युटरचा पण कचरा काढा. सारखं जागा नाही, जागा नाही म्हणून ओरडतो." दिवाळीच्या साफसफाईत एक संसर्ग असतो. तीन दिवस माणूस झाडू मारत असला की चौथ्या दिवशी समोर येईल ते तो झाडतो. मी डिस्क साफ करायचा प्रोग्रॅम उघडला. त्याने यादी दिली, आणि यादीत 'आधीची विंडोज' अशी एक ओळ, पुढे आकडा: पंचवीस जीबी! मी हर्षाने खूण केली. त्याने एकदा विचारलं, की हे काढलं तर मागे जाता येणार नाही, चालेल ना? मी त्याला 'होय' म्हणालो, आणि बायकोला अभिमानाने सांगितलं की मी पंचवीस जीबी जागा मोकळी केली. तिने विचारलं, "त्यात स्टोव्ह ठेवता येईल का?"

चौथ्याच दिवशी मी दहावा उरकून टाकला होता.

शुक्रवारी वसुबारस. अप्पांनी दिवा लावून झाल्यावर कुलवृत्तांत काढला आणि जानव्याची किल्ली, म्हणजे ते लॉक, मागे खोचलं. सॉफ्टवेअर म्हणालं, लॉक सापडत नाही. अप्पांनी ते काढलं, फुंकर मारली, पुन्हा खोचलं. सापडत नाही. धोतराच्या सोग्याने पुसलं. नाही. खोच बदलली. नाही. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "त्या लॉकचा ड्रायव्हर फार जुना आहे, अकरा त्याला आत घेत नसेल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नवा ड्रायव्हर मिळतो का, ते आधीच बघायला हवं होतं. चूक आपली." मग एकदम हसला. "पण काही बिघडलं नाही. सहावाच दिवस आहे. 'मागे जा' कर."

मी सेटिंग उघडलं. 'मागे जा' हे बटण फिकट राखाडी होतं. त्या राखाडी बटणावर मी चार-पाच वेळा माउस आपटला. सोनाराचं दुकान बंद दिसलं तरी माणूस एकदा शटर हलवून बघतो, तसा.

"मामा," फोनमधून आवाज आला, "तू काही पुसलंस का?"

शनिवारी, धनत्रयोदशीला, भाचा आला. आल्याबरोबर त्याने रविवारनंतर तयार झालेल्या फायली वेगळ्या काढायला लावल्या, कारण इमेज उतरवली की रविवार सकाळ जशीच्या तशी परत येते आणि सोमवार ते शुक्रवार घडलेच नाहीत असं होतं. (असे आठवडे माझ्या नोकरीत बरेच निघतील.) सोसायटीच्या फराळाच्या ऑर्डरची यादी मी बुधवारी केली होती, ती स्वतःलाच ईमेल केली. मग लाल पेनड्राइव्ह खोचून यंत्र त्याच्यावरून सुरू केलं, बाहेरची डिस्क जोडली, 'सिस्टिम इमेज रिकव्हरी' निवडलं. पट्टी हळूहळू सरकायला लागली. या वेळी मिनिटांवर कुणी बोललं नाही.

वाट बघताना भाच्याने टॉय स्टोरी दोनची गोष्ट सांगितली. १९९८ साल. पिक्सारमध्ये चित्रपटाचं काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर बघता बघता वुडीची टोपी गेली, मग बूट, मग वुडीच गेला. यंत्रांची वायर उपटेपर्यंत बहुतेक चित्रपट साफ. बॅकअप काढायला गेले, तर तो महिनाभर नीट चालतच नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी बाईंना आठवलं, की आपल्याला नुकतं बाळ झालंय म्हणून आपण घरून काम करतो, आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत आहे. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टे बांधून आणला. चित्रपट वाचला. पुढे गोष्टच पसंत पडेना म्हणून त्यातलं बरंचसं त्यांनी पुन्हा नव्याने केलं, ते वेगळं.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तिसरी बरणी बाळंतिणीच्या खोलीत होती."

सव्वा तासाने यंत्र पुन्हा सुरू झालं. पट्टी वरच्या कडेला. रविवार सकाळचा अप्पांचा अर्धा राहिलेला पत्त्यांचा डाव कुठे उरला नव्हता, पण त्याखेरीज सगळं होतं. अप्पांनी लॉक खोचलं. सॉफ्टवेअर उघडलं. त्यांनी कुलवृत्तांताच्या कुठल्याशा पानावर जाऊन एक ओळ टाइप केली, मागे सरकून ती वाचली, आणि खोडली. नुसती खात्री करायची होती.

राहता राहिली निवृत्ती. पण त्यालाही मुदतवाढ आहे, असं निघालं. दहाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवता येतात: तीस डॉलर भरून, किंवा कंपनीचे हजार पॉइंट साठवून, किंवा आपल्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवून, फुकट. आम्ही तिसरा मार्ग घेतला. अप्पांना मुदतवाढ हा शब्द इतका आवडला की त्यांनी तो लगेच कुलवृत्तांताच्या प्रस्तावनेत घातला. आता पुरवणीही पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.

संध्याकाळी बायको गाडीतून वर आली. हातात लाल पेनड्राइव्ह.

"अहो, यातली भजनं कुठे गेली?"

भजनं! गेल्या कार्तिकीला तिच्या भजनी मंडळाने देवळात केलेलं सबंध रात्रीचं रेकॉर्डिंग. ढोलकीवाल्या काकांचं ते शेवटचं वाजवणं. सोसायटीचा हिशोब, अप्पांचे पूर्वज, बारावीपासूनच्या माझ्या चुका हे सगळं तीन-तीन ठिकाणी सुखरूप होतं, आणि जे एकाच ठिकाणी होतं ते पुसून मी त्यावर सगळ्यांच्या सुरक्षेची व्यवस्था केली होती. भाच्याने लगेच चपला घातल्या. "मामी, मी निघतो. उद्या लवकर उठायचंय."

पाडव्याला मला ओवाळण्यात आलं, पण निरांजन जरा जवळून फिरलं.

गुरुवारी भाऊबीज. नाशिकहून ताई आली, भाचाही आला. जेवणं झाल्यावर बायकोने तिला सगळी हकिगत सांगितली. हकिगतीत मी नायक नव्हतो. ताईने शांतपणे पर्स उघडली, सुपारीचा बटवा काढला, बटव्यातून एक निळा पेनड्राइव्ह काढला. "अगं, तूच नाही का मला गेल्या संक्रांतीला भरून दिलास? मी रोज पोळ्या करताना लावते."

मी ताबडतोब पेनड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरकडे धावलो. आता लगेच दोन कॉपी करायच्या, एक बाहेरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवर. खोचला. पडद्यावर पाटी आली: या ड्राइव्हमध्ये काही अडचण दिसते, तपासून दुरुस्त करू का? माझा हात माउसवर गेला.

मागून बायकोचा हात आला. 'सुरक्षितपणे काढा' वगैरे काही न म्हणता तिने तो पेनड्राइव्ह सरळ उपटला आणि भाच्याच्या हातात दिला.

"तू कर. आणि आधी यांना खोलीबाहेर काढ."